एक बोट आत

९ जानेवारी

चि. पिसू,

इथे आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी जागा सोडली आहे, हवा तो भरून घे.

तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तेही कुठे, तर दौऱ्यावरून आलेल्या दुरुस्तीच्या पेटीत. निळ्या पोशाखाच्या गळ्याला टाचणीनं लावलेली चिठ्ठी: "पोशाख पाठीत घट्ट होतो. धुताना आटला असावा. बघून ठीक करणे." वर नाव नाही, खाली सही नाही. शिवणखोलीत कोणी परकी बाई बसते असं समजून "करणे". इथे कोण बसतं हे तुला चांगलं ठाऊक आहे. नाचाच्या मंडळातली वीस माणसं तुझ्याबरोबर हिंडतात, त्यातल्या एकानं तरी सांगितलंच असेल की मास्तरांनी गादीला शिवणकामावर ठेवलंय.

हो, गादी. मी सरावाला उशिरा उठायचे आणि उठले की परत आडवी व्हायचे. तेव्हा तू म्हणाली होतीस की ताईला उठवू नका, गादीवर गादी पडली आहे. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, धाकटी बहीण म्हणून. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांसकट सगळ्यांच्या तोंडी तेच नाव.

तर कळवायचं ते असं की पोशाख आटलेला नाही. हे कापड आटत नाही. तीन वर्षांपूर्वी मापाच्या दिवशी माझ्या पाठीचे वरचे तीन हूक लागेनात, तेव्हा मीही कापडावरच ढकललं होतं. त्यावर तू सगळ्यांसमोर काय म्हणालीस, ते मी विसरलेले नाही.

"ताई, कापड आटत नाही गं. माणूस फुगतं."

हूक नवे, जाड दोऱ्यानं पक्के करून पाठवत आहे. तुटायचे नाहीत.

शिवणखोली


२८ जानेवारी

पिसू,

या खेपेला चिठ्ठीत "ताई" लिहिलंस. गरज माणसाला किती गोड करते.

तू म्हणतेस, पाठीची शिवण थोडी सैल कर, कोणाला कळणार आहे. मास्तरांना कळणार आहे. पुढच्या रांगेत मधोमध उभी राहून राहून तू मंडळाचे नियमही विसरलीस की काय? आपल्याकडे वजनकाटा नाही. काटा खोटं बोलतो, पोशाख बोलत नाही, हे मास्तरांचं लाडकं वाक्य. दौरा संपला की मापाचा दिवस. जिनं तिनं गेल्या वर्षीचाच पोशाख सगळ्यांसमोर चढवायचा. हूक लागले तर रांगेतली जागा कायम, नाही लागले तर बाहेरचा रस्ता. आणि कोणी शिवणीशी लबाडी करू नये म्हणून मास्तर प्रत्येक पोशाखाच्या आतल्या शिवणीवर स्वतःच्या हातानं जांभळ्या शाईची रेघ ओढतात. शिवण सैल केली की रेघ उघडी पडते.

उलटं कोणी केलं, म्हणजे शिवण आत घेतली, तर रेघ आतल्या जादा कापडात दडून जाते. पण पोशाख मुद्दाम घट्ट कोण करेल? हा विचार मास्तरांच्या डोक्यात कधी शिरला नाही. भला माणूस आहे.

मापाचा दिवस पाच एप्रिलला आहे. तू दिवसाला एकदाच जेवतेस आणि उतरलेल्या ठिकाणचे चार मजले रोज दहा वेळा धावत चढतेस, असं लिहिलं आहेस. चांगलं आहे, कर. मीही केलं होतं. मंडळाबाहेर पडल्यावर आठ महिने मी उकडलेल्या भाज्यांवर काढले आणि सकाळ-संध्याकाळ धावले. माझं वजन तेव्हा किती उतरलं, हे तुला सांगत नाही. तुझा उत्साह जाईल.

तुला आठवतं का, त्या दिवशी मास्तरांनी मला नाही, तुला विचारलं होतं? "तू तिच्या खोलीत झोपतेस. काय खाते ही?" आणि तू खाली बघून म्हणालीस की ताई चोरून खाते, उशीखाली बिस्किटांचे पुडे असतात.

असायचे पुडे उशीखाली. तू ठेवायचीस. स्वतःच्या उशीखाली सापडायला नकोत म्हणून माझ्या. मला माहीत होतं आणि मी कधी बोलले नाही, कारण तू वाढीच्या वयाची होतीस आणि तुला भूक लागायची. माझी जागा रिकामी झाल्यावर आठवड्यात तू तिथे उभी राहिलीस. बिस्किटं पचली म्हणायची.

पोशाख होता तसा परत पाठवला आहे.

शिवणखोली


१९ फेब्रुवारी

पिसू,

मी बारीक झाले, असं तुला पेटी नेणाऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं म्हणे. आणि तू विचारतेस, "ताई, काय केलंस? मलाही सांग."

सांगते. तुला जळवायला मला आवडेल.

त्या आठ महिन्यांत माझं वजन दोन किलोनं वाढलं. हसू नकोस. उपाशी राहून आणि धावून वाढलं. शेवटी एक दिवस जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सहा पायऱ्या बसून उतरले, म्हणजे घसरत. खालच्या शेजारणीनं दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वजनाकडे पाहिलंच नाही. हात हातात घेऊन म्हणाल्या की केवढे गार आहेत. आवाज असाच घोगरा असतो का, केस गळतात का, पोट साफ होतं का, कितीही झोपलं तरी झोप पुरत नाही असं वाटतं का, असं विचारत गेल्या. मी सगळ्याला हो म्हणत गेले, आणि म्हणता म्हणता रडायलाच लागले. मला पहिल्यांदा कोणी आळशी न म्हणता प्रश्न विचारत होतं. रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी निम्म्यानंही काम करत नव्हती.

मला वाटलं, आता गोळी घेतली की महिन्यात तुझ्यासारखी शिडशिडीत होईन आणि मंडळाच्या दारात जाऊन उभी राहीन. डॉक्टरीणबाईंनी तो फुगा फोडला. या आजारानं चढलेलं वजन थोडंच असतं, ते गोळी लागू पडली की उतरतं. बाकीचं नेहमीच्याच रस्त्यानं उतरायचं, सावकाश. आणि आधी गोळी, मग धावपळ. इंजिनात तेल नसताना गाडी पळवाल तर इंजिन जाईल, असं म्हणाल्या.

म्हणून रोज सकाळी साडेपाचला उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी. चहा तासाभरानं. तो तास मला जिवावर यायचा, म्हणून मी त्याच तासात चालायला लागले. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि चांभाराच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. पंधरा दिवस त्या पायरीच्या पुढे मजल गेली नाही. पुढच्या रांगेत दोन-दोन तास नाचलेली बाई मी, आणि शाळेत निघालेली पोरं मला मागे टाकून जायची. सहा आठवड्यांनी परत रक्त तपासलं, गोळी थोडी वाढवली. मग एक सकाळ अशी आली की मी पायरीपाशी पोचले आणि बसायची आठवणच झाली नाही. पुढचा चौक लागला तेव्हा कळलं.

मग कापडाचे ठाण उचलायला लागले. शिवणखोलीत आल्यावर मास्तर म्हणाले की ठाण वर चढवायला माणूस देतो. मी नको म्हटलं. आधी एक, मग दोन, खालच्या फळीवरून वरच्या फळीवर आणि परत. अंगात जोर आला की बसल्या जागीही शरीर काम करतं. पोटभर जेवते. दमले तर झोपते, आणि आळशी म्हणून स्वतःला शिव्या देत नाही. तुझ्या वाटणीच्या शिव्या तेवढ्या चालू आहेत. दोन वर्षांत नऊ किलो. हळू आहे, पण उतरलेलं परत चढलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती तुझ्या कामाची नाही.

तू जिने चढत राहा.

शिवणखोली


११ मार्च

पिसू,

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली, कारण त्यात मी चांगली दिसत होते.

पेटी येऊन अकरा दिवस झाले. निळा पोशाख समोर टांगला आहे. हुकांत तुझे केस अडकलेले होते, एखाद-दुसरा नाही, झुपकाच. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस की सगळे पंखा लावून बसतात तेव्हा तू शाल घेतेस, दुपारी बसल्या बसल्या झोप लागते, आणि गाण्याबरोबर तोंड हलवायचं तर आवाज फुटत नाही. तू हे सहज लिहिलंस, थकव्याची तक्रार म्हणून. मी वाचता वाचता हातातली कात्री खाली ठेवली.

आता मुकाट्यानं पुढचं वाच.

पोशाख मी आत घेतला होता. गेल्या पावसाळ्यात, दौऱ्यावर निघायच्या आधी, दोन्ही बाजू मिळून एक बोट. शाईची रेघ आत दडवली. शिवणखोलीची नोकरी मी पोटासाठी धरली असं सगळ्यांना वाटतं. पोटासाठी दुसरीकडेही शिवता आलं असतं. इथे तुझ्या पाठीचं माप माझ्या हातात येणार होतं. मला तुझे तीनच हूक उघडे राहिलेले बघायचे होते. तीन, जास्त नाही. सगळ्यांसमोर. दौरा चालू असताना तुला नुसतं काचावं, आणि पाच एप्रिलला लागू नयेत, असा माझा हिशेब होता. तुझ्या पहिल्या चिठ्ठीनंतर मी त्या दिवशी पोटभर जेवून छान झोपले.

पण पिसू, मी एकच बोट घेतलं. आणि शिवणीवरचा ताण तीन बोटांचा आहे. टाके ओढले गेलेत, कापडाची वीण फाकली आहे. ती दोन बोटं माझी नाहीत. उपाशी राहून आणि जिने चढून ती आली आहेत, आणि ती कशी येतात हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली ती गोष्ट ही: सख्ख्या बहिणीलाही तपासून घ्यायला सांगा, हे घराण्यात चालतं. त्यांनी चिठ्ठीही लिहून दिली होती, तुझ्यासाठी. ती दोन वर्षं माझ्या खणात आहे. शिवण आत घेणं हे मी रागात केलं. चिठ्ठी दाबून ठेवणं रागात नव्हतं. रोज खण उघडला की दिसायची आणि रोज मी ठरवायचे की आज नाही. ते जास्त वाईट, हे मला कळतं.

आणि आता खरं सांगते. तुझे केस हुकांत पाहिले तेव्हा मला आधी आनंद झाला. वाटलं, भोग आता. माझ्यासारखी दम लागून जिन्यात बस, माझ्यासारखी सगळ्यांच्या तोंडी आळशी हो. अकरा दिवस हा आनंद मी पुरवून पुरवून खाल्ला. काल सकाळी फिरताना चांभाराच्या पायरीपाशी आले आणि डोळ्यांपुढे आलं की तू कुठल्यातरी परक्या जिन्यात सहा पायऱ्या घसरत उतरते आहेस, आणि तिथे खालची शेजारीण नाही. तिथून मी घरी वळले. पुढचा चौक झाला नाही.

चिठ्ठी सोबत जोडली आहे. जिथे असशील तिथल्या दवाखान्यात दाखव, पेटी पोचेल त्याच दिवशी. जिने बंद कर. दोन वेळा जेव.

पोशाखाची शिवण परत शाईच्या रेघेवर आणली आहे, तंतोतंत. तरीही हूक लागणार नाहीत. आता त्यात माझा हात नाही.

हे पत्र मास्तरांना दाखवलंस तर माझी नोकरी गेली. दाखव किंवा नको दाखवू. तू माझ्या जागी काय करशील याची मी कल्पना करू शकते, आणि मी काय केलं असतं याचीही.

ताई


२९ एप्रिल

पिसू,

मापाच्या दिवशी तू सारखी जमिनीकडे बघत होतीस, म्हणून काय झालं ते तुला धड माहीत नसेल. मी सांगते.

तुझी पाळी आली. मी निळा पोशाख हातावर घेऊन मास्तरांच्या शेजारी उभी. तू पुढे आलीस आणि पोशाखाला हातही न लावता टेबलावर रिपोर्ट ठेवलास. तुझा आवाज माझ्या जुन्या आवाजासारखा घोगरा होता. म्हणालीस की थायरॉइड आहे, गोळी सुरू झाली आहे, पोशाख आज बसणार नाही, बसेल तेव्हा घालीन. मास्तरांनी रिपोर्ट उलटा धरून वाचला. एवढ्यावर तुला जाता आलं असतं. तुझ्या पिशवीत माझं पत्र होतं, दुमडलेली कड मला दिसत होती. माझे हात गार पडले होते, या खेपेला आजारानं नाही.

पत्र तू काढलं नाहीस. त्याऐवजी म्हणालीस:

"आणि तेव्हा ताई चोरून खात नव्हती. ती बिस्किटं माझी होती."

तीन वर्षं मी हे वाक्य तुझ्या तोंडून रोज ऐकलं आहे. भांडी घासताना, मशीन चालवताना. कधी तू रडत म्हणायचीस, कधी पाया पडत. प्रत्यक्षात म्हणालीस तेव्हा कोणीतरी खोकलं, आणि मला वाटलं, एवढंच? पुढचीचं नाव पुकारलं गेलं आणि तू शाल गुंडाळत बाहेर गेलीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

माझा संताप झाला. तुझ्या बोलण्याचा नाही, न बोलण्याचा. एका बोटाची गोष्ट पोटात ठेवून तू माझ्यावर उपकार करून गेलीस. तुझ्या उपकारात राहायला मी काही मोकळी बसलेली नाही. शेवटचा पोशाख घडी करून झाल्यावर मी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "घट्ट केलास? मुद्दाम?" त्यांना ते समजतच नव्हतं. समजल्यावर किल्ल्या मागून घेतल्या. आता ते शिवणीच्या दोन्ही बाजूंना रेघ ओढतात असं ऐकते. मंडळाच्या नियमांत माझी तेवढी भर पडली. तुला त्यांनी तीन महिने दिले आहेत, जे मला तीन मिनिटंही दिले नव्हते, तर त्याचं सोनं कर. मी घरीच मशीन मांडलं आहे, माझी चिंता करू नकोस. तशी तू करतही नसशील.

आता तुझ्या परवाच्या चिठ्ठीबद्दल. गोळी सुरू होऊन सहा आठवडे व्हायला आले आणि काही फरक नाही, मग हे खोटं तर नाही ना, असं तू विचारतेस. गोळी कशाबरोबर घेतेस? चहाबरोबर घेत असशील, मला माहीत आहेस तू. शिवाय दौऱ्यावर सुरू केलेली लोहाची गोळी तिच्याच मागोमाग. असं केलंस तर निम्मी फुकट जाते. लोहाची दुपारी, चार तासांचं अंतर ठेवून. रक्त परत तपास, मात्रा बदलावी लागेल, मलाही दोनदा बदलावी लागली. आणि हे महिन्या-दोन महिन्यांचं नाही. जन्मभर घ्यायची. रोज सकाळी, तोंडात दुसरं काहीही जायच्या आधी. म्हणजे मरेपर्यंत तुझा प्रत्येक दिवस मी सांगितलेल्या गोष्टीनं उजाडणार. उट्टं काढायला मी एवढं शिवत-उसवत बसले, आणि याहून चांगलं मला सुचलं नसतं.

उद्या पावणेसहाला तुझ्या दाराशी येते. दहा मिनिटं चालायचं, जास्त नाही. बोलायचं नाही. मी पुढे चालणार आणि तू मागून. इतकी वर्षं मी पडद्याच्या फटीतून तुझी पाठ पाहिली, आता तू माझी बघ. तुझ्यासाठी मी थांबणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. फक्त गल्लीच्या कोपऱ्यावर माझ्या बुटाची नाडी सुटते, आणि ती बांधायला मला बराच वेळ लागतो.

ताई